देवाप्पाच्या सायकलची निवृत्ती

"संध्याकाळी मैसूरपाक आणून ठेव. आज डेप्युटी मॅनेजर होऊनच येतो!" असं बायकोला, म्हणजे प्रेमाला, बजावून दामोदर घरातून निघाला. माणसाने आधी व्हावं आणि मग मैसूरपाकाचं बोलावं. पण दामोदरला हे सांगणार कोण?

साल १९९४. बंगळुरात के. आर. पुरमच्या पलीकडे दामोदर इंजिनिअर होता तो सरकारी कारखाना, आणि कारखान्याची पाण्याची टाकी तीन किलोमीटरवरच्या टेकडीवर. टाकीत पाणी किती, हे सांगायला देवाप्पा गेली वीस वर्षं सायकलने यायचा. दामोदरने टाकीवर वायरलेस बसवला. आता टाकीवरचा अँटेना कळवणार आणि कारखान्यातला काटा दाखवणार! देवाप्पाने टाकीपाशी नुसती राखण करायची.

"अण्णा, तुमची सायकल आता भंगारात!" दामोदर म्हणाला होता.

"सरी, बरं साहेब," म्हणून देवाप्पाने चेनला तेल घातलं होतं.

दसऱ्यातल्या आयुधपूजेची सुट्टी संपली आणि त्याच सकाळी जनरल मॅनेजर हणमंतराव यंत्रणा बघायला आले. बढतीच्या कागदावर सही त्यांचीच व्हायची होती. काटा शून्यावर होता.

"टाकी रिकामी दिसते," हणमंतराव म्हणाले.

"रिकामीच असणार, सर! हा काटा खोटं बोलत नाही. पंप लावा रे!"

पंप लागला. अर्धा तास झाला. काटा ढिम्म.

"दुसराही लावा!" दामोदरचा आवाज अजून डेप्युटी मॅनेजरचाच होता.

तेवढ्यात दारावर सायकल आदळली. देवाप्पा नखशिखांत भिजलेला!

"साहेब, पंप बंद करा! टाकी सकाळपासनं भरलेलीच हाय. टेकडीवरनं ओढा वाहतोय, माझा जेवणाचा डबा गेला!"

"आणि अँटेना?"

"त्याला काय धाड भरलीय? आयुधपूजेला हळद-कुंकू लावलं, हार घातला. तोंड तेवढं दक्षिणेला होतं. दक्षिणेला तोंड करून कुठला देव पूजा घेतो, साहेब? म्हणून स्वल्प पूर्वेला फिरवलं."

"अहो, कारखाना दक्षिणेला आहे! कुणी सांगितलं फिरवायला?"

"तुम्हीच की! म्हणालात, नवं यंत्र आहे अण्णा, पूजा यथासांग करा, काही राहायला नको."

म्हणाला होता खरा. नारळही त्यानेच दिला होता.

हणमंतरावांनी शांतपणे विचारलं, "देवाप्पा, यायला किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं, साहेब. उतार हाय."

त्यांनी ते फाइलीत लिहून घेतलं.

संध्याकाळी प्रेमा मैसूरपाकाची बशी घेऊन दारातच उभी. "अहो, मिळालं का पत्र?"

"मिळालं." दामोदरने कागद पुढे केला. बढतीचं पुढच्या वर्षी बघू. तोवर वायरलेसच्या जोडीला देवाप्पाची सायकल चालू राहील, आणि देवाप्पा रजेवर असेल तेव्हा ती दामोदर चालवेल.

"पण तुम्हाला सायकल कुठे येते?"

दामोदरने मैसूरपाकाचा तुकडा तोंडात टाकला. "उद्या सकाळी सहाला बोलावलंय देवाप्पाने," तो म्हणाला. "पहिले दोन दिवस मागून धरणार आहे."