ओबेखा म्हणजे मधमाशी नव्हे

महिन्याभरात स्पॅनिश बोलून दाखवतो, असं पेंटरने जेवताना जाहीर केलं. बायकोने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याच्या पेल्यात पाणी ओतलं. तिच्या तशा पाहण्याची त्याला तीस वर्षांची सवय होती.

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची हयात गेली होती. गल्लीत त्याला पेंटरच म्हणत, आणि घरीही त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. लेकीने परदेशात लग्न केलं तेव्हा जावयाला इंग्रजी येत होतं, म्हणून निभावलं. पण आता जावयाची आई पहिल्यांदाच आठ दिवस राहायला येणार होती आणि तिला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. विहीणबाई घरात आणि आपण तोंडाला कुलूप लावून बसलोय, हे चित्र पेंटरला काही बघवेना.

त्याने वाचनालयातून पुस्तक आणलं. पहिल्याच धड्यात क्रियापदांनी त्याचा घाम काढला. नुसतं 'असणं' म्हणायला त्या लोकांनी दोन निरनिराळी क्रियापदं ठेवली होती. चौथ्या पानावर पुस्तक मिटणार, तेवढ्यात शेवटची चित्रांची पानं उघडली. झाडं, पक्षी, किडे, जनावरं. पक्ष्याला पाखारो म्हणतात हे वाचून तो खुर्चीतून उठलाच. पाखरू आणि पाखारो! ही तर घरचीच भाषा निघाली.

मग त्याने आपल्या पद्धतीने अभ्यास मांडला. पत्र्याचे तुकडे कापले, त्यांना पांढरा हात दिला आणि वर काळ्या रंगात, आपल्याच लिपीत, एकेक शब्द असा काढला की दुकानदाराने बघत राहावं. परसात त्या पाट्या लागल्या. झाडावर आर्बोल, वारुळापाशी मुंगीची ओर्मिगा, मोठ्या झाडाची मुळं जमिनीवर आली होती तिथे राईस. अवजारांच्या खोलीच्या वळचणीला मधमाश्यांचं पोळं होतं. आता पुस्तकात मधमाशी म्हणजे आबेखा आणि तिच्या शेजारीच मेंढी म्हणजे ओबेखा. उतरवून घेताना पेंटरचा चष्मा कपाळावर होता. पोळ्याखाली सुबक अक्षरांत पाटी लागली: ओबेखा.

विहीणबाई आल्या. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या. दुसऱ्या दिवशी लेक, जावई आणि बायको खरेदीला निघाली, तर प्रवासाने दमलेल्या विहीणबाई घरीच थांबल्या. भाषांतरासाठी माझा फोन ठेवून जाऊ का, असं लेकीने विचारलं. पेंटर दुखावला. विहीणबाईंचं मी बघतो, म्हणाला.

आणि खरंच बघितलं. तो पाटीपाशी थांबे, खणखणीत वाचे, विहीणबाई खूश होऊन तोच शब्द परत म्हणत. मुळांपाशी त्या टेकल्या, पर्समधून रुमाल काढून घाम पुसला, राईस हा शब्द तीनदा म्हणवून घेतला. पेंटरला वाटलं, बायको आत्ता इथे हवी होती.

मग तो त्यांना अवजारांच्या खोलीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, "ओबेखा."

विहीणबाईंचा चेहरा उजळला. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, हे सगळ्यांना नंतर कळलं. खोलीत मेंढी आहे असं समजून त्या दाराशी गेल्या, दारावर थापा मारल्या आणि प्रेमाने "बें, बें" अशी हाक घातली. त्यांच्या देशात मधमाश्यांना अशी हाक घालत असावेत, असं पेंटरला वाटलं. पाहुण्या माणसाला एकटं कसं पाडायचं? तोही शेजारी उभा राहून बें बें करू लागला. थापांनी वळचण हादरत होती.

पोळं उठलं. विहीणबाई वर बघून ओरडल्या, "आबेखा!" पेंटरने मास्तराच्या धीराने त्यांची चूक सुधारली, "ओबेखा." तेवढ्यात माशीने त्यांच्या मनगटाला डंख मारला.

दोघं धावत परसाच्या कोपऱ्यातल्या बाकापर्यंत आली. मनगट बघता बघता सुजलं, ओठ सुजू लागले, श्वास घरघरायला लागला. विहीणबाई काहीतरी मागत होत्या. औषधाचा शब्द इंग्रजीसारखाच असल्याने त्याला कळला, पण औषध कुठे? त्यांनी क्षणभर डोळे मिटले. या माणसाला येणाऱ्या चाळीस शब्दांतला कुठला उपयोगी पडेल, ते त्या शोधत असाव्यात. मग स्पष्ट म्हणाल्या, "राईस."

पेंटर स्वयंपाकघरात धावला. राईस म्हणजे इंग्रजीतला भात, त्यांच्याकडे तो डंखावर लावत असतील, असं घाईत मनात धरून तो वाडगाभर गार भात घेऊन परत आला. विहीणबाईंनी भाताकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तशा अवस्थेतही त्यांना हसू फुटलं. मग त्यांनी हाताची पाचही बोटं खाली जमिनीकडे पसरून वळवळवली.

मुळं! वाडगा तिथेच टाकून पेंटर सुटला. पाटीखाली पर्स पडलेली होती. त्याने ती आणून दिली. माशीचा डंख बाधतो म्हणून जवळ बाळगलेलं जाडसर पेनासारखं इंजेक्शन विहीणबाईंनी आतून काढलं आणि स्वतःच मांडीत टोचलं. पेंटरने शेजारच्या नर्सबाईंना हाका मारल्या, त्यांनी गाडी काढली, आणि अर्ध्या तासात विहीणबाई दवाखान्यात पलंगावर नीट श्वास घेत होत्या. दहा मिनिटं उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

लेक, जावई, बायको धावत आली. पेंटरने खाली मान घालून सगळं सांगितलं, चष्म्यासकट, बें बें सकट. पाट्या आजच उतरवतो म्हणाला. लेकीने ते विहीणबाईंना सांगितलं. त्यांनी पेंटरचा हात धरला आणि बराच वेळ बोलत राहिल्या. त्यात ना झाड होतं ना पाखरू. पण त्या जिवंत होत्या आणि बोलत होत्या, एवढ्यानेच त्याचं मन भरून आलं, आणि तो प्रत्येक वाक्याला "सी, सी" म्हणत गेला.

"बाबा, कशाला हो म्हणालात, कळलं का?" लेकीने विचारलं.

"नाही."

"पाट्यांना हात लावू नका म्हणाल्या. त्यांच्यामुळेच वाचले म्हणाल्या. आणि पुढच्या वर्षी तिघी बहिणींना घेऊन दोन महिने येऊ का, असं विचारलं."

पेंटरने बायकोकडे पाहिलं. ती विहीणबाईंच्या अंगावरची चादर सारखी करत होती. "येऊ देत," ती म्हणाली.

विहीणबाईंनी पुन्हा काहीतरी विचारलं. या वेळी पेंटरने 'सी' म्हणण्याआधी लेकीकडे पाहिलं.

"जेवलात का, असं विचारतायत," लेक म्हणाली.

पेंटरच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते औषधांच्या उग्र वासाने आलं, असं तो अजूनही सांगतो.