शांताबाईच्या चालीनं

आमच्या कंपनीतले रामटेकेभाऊ दिवसातून चार-पाच वेळा लंगडतात. एरवी त्यांचे पाय ठणठणीत आहेत. पण तपासायचा मोबाइल हातात आला की ते उजवा गुडघा धरतात, कण्हत जिना उतरतात, रस्ता ओलांडून समोरच्या कडुलिंबापर्यंत जातात आणि तसेच कण्हत परत येतात. खालचा हार्डवेअरवाला आधी पाणी घेऊन धावायचा. आता मान वर करत नाही.

ही आमची सॉफ्टवेअर तपासायची पद्धत. चंद्रपुरात दोन खोल्यांत चौघांनी सुरू केलेली कंपनी वर्षभरात एकोणीस जणांची झाली आणि चुकाही त्याच वेगानं वाढल्या. तेव्हा मी रामटेकेभाऊंना आणलं. घुग्घुसकडच्या एका सिमेंट कारखान्यात त्यांनी उभा जन्म मालाची ताकद तपासायला सिमेंटचे ठोकळे दाबून फोडण्यात घालवला होता. "कॉम्प्युटरचं मले समजत नाई," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पण फुटते कुठी, थे समजते." पोरांनी महिनाभर खपून केलेलं काम ते चहा निवायच्या आत फोडायचे आणि वर म्हणायचे, "आपल्या हातानं फुटलं, बरं झालं." पोरं दातओठ खायची.

चाचणीत नाव भरायचं ते कायम एकच. शांताबाई, राहणार नागभीडजवळचं एक खेडं. आम्ही भाऊंच्या मागे त्यावरून पुष्कळ हसायचो.

मोहफुलं वेचणाऱ्या बायकांच्या नोंदणीचं ॲप सोमवारी सरकारी खात्याला द्यायचं होतं. वेळेवर गेलं तर पुढचं मोठं काम आमचं. शनिवारी भाऊंनी 'तपासून पास' अशी सही करायला नकार दिला. नोंदणीसाठी बाईच्या फोनवर एक आकडा येणार आणि तो केंद्रावर मिनिटभरात सांगायचा, एवढंच तर होतं.

"फोनले रेंज तलावाच्या उंच पाळीवर येते," भाऊ म्हणाले. "केंद्र खाली गावात. शांताबाई आकडा घेऊन उतरेपर्यंत मिनिट सरून जाते."

"मग तुमच्या शांताबाईला जरा भराभर चालायला सांगा ना!" मी भडकलो. "सोमवार हुकला तर काम जाईल."

भाऊ खुर्चीत बसले.

"शांताबाई मोठी बहीण होती माही. निराधारच्या पैशासाठी तालुक्याले तीनदा गेली, गुडघा धरून. तिन्ही खेपेले पोचली तं खिडकी बंद. मंग गेलीच नाई. आता ती बी नाई राह्यली. मी इकडं ठोकळे फोडून राह्यलो होतो, साहेब. एक दिवसाची सुट्टी काढून तिच्यासंगं गेलो नाई."

मला माझीच लाज वाटली. तिथल्या तिथे फोन लावून मी आठ दिवस मागून घेतले. खात्यातले साहेब बरंच बोलले. पुढच्या कामाचं नंतर बघू, म्हणाले.

आकडा अर्धा तास टिकेल असं आम्ही केलं. भाऊ गुडघा धरून कडुलिंबाकडे गेले, सावकाश आले, एकेक आकडा दाबला. पडद्यावर आलं, 'शांताबाई, तुमची नोंद झाली.' भाऊ बराच वेळ तेवढंच वाचत राहिले.

"आता खोडा," ते म्हणाले. चाचणीचं नाव ॲपसोबत गावाकडे जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचाच नियम. माझा हात काही चालेना. शेवटी त्यांनीच खोडलं आणि उपरण्यानं डोळे पुसले.

"तो कपाटातला बटनाचा जुना फोन द्या बरं," म्हणाले. "त्याच्यावर होते का तिची नोंद, पाहून घेऊ."