चार इंचांचे सौजन्य

डोंगराच्या माथ्यावर, खाली निळेशार तळे आणि मागे बावीस माणसांची रांग असताना, शिंपीमास्तरांच्या बायकोच्या छातीवरचा पॅराग्लायडिंगचा पट्टा बसेना.

"श्वास सोडा काकू," पायलट म्हणाला.

काकूंनी सोडला.

"अजून."

"अरे बाबा, आता आत उरलाय कुठं?"

पायलटने गुडघा टेकवून जोर लावला. बक्कल आणि खाच एकमेकांकडे बघत राहिली, पण भेट काही होईना. मास्तरांनी लांबूनच नजरेने अंतर मोजले. चार इंच. बरोबर चार. आणि हे चार इंच कुठे गेले हे या जगात फक्त त्यांना ठाऊक होते.

त्याचे असे झाले. गेली एकोणतीस वर्षे मास्तर बायकांचे कपडे शिवत होते आणि त्यांच्या दुकानाची एक रीत होती. टेप लावायचा, छत्तीस भरले की "बत्तीस!" असे खणखणीत सांगायचे आणि कापड मात्र गुपचूप छत्तीसचे कापायचे. गिऱ्हाईक खूश, कपडा अंगाला चोख. "याला खोटं म्हणत नाहीत, सौजन्य म्हणतात," असे ते सांगत. वर बसलेल्या मोठ्या शिंप्याने दोन माणसे कधी एका मापाची कापली नाहीत, मग खालच्या शिंप्याने त्यावरून कुणाला का खजील करावे?

सहलीचा फॉर्म भरताना त्यांचा हात सवयीने तसाच चालला. बायकोची छाती चाळीस, त्यांनी लिहिली छत्तीस. वजन चौऱ्याहत्तर, लिहिले बासष्ट. लिहून झाल्यावर शाई वाळावी म्हणून फुंकरही मारली.

इथे मात्र त्या आकड्यांवरून जीपमध्ये पट्टे चढले होते. उड्डाणाची सगळी व्यवस्था एका प्रमुख बाईंच्या हातात होती. गळ्यात शिट्टी, हातात फॉर्मांचा गठ्ठा आणि चेहऱ्यावर हसू नावालाही नाही.

"छातीप्रमाणे पट्टा, वजनाप्रमाणे पंख," त्या म्हणाल्या. "अकराला वारा फिरतो. मग कुणीच उडत नाही. यांचा फॉर्म कोणी भरला?"

"ह्यांनी!" बायको अभिमानाने म्हणाली. "मापात ह्यांचा हात धरणारं कुणी नाही."

मास्तरांनी घसा खाकरला. "पट्टाच आटला असेल."

"पट्टा आटतो?"

"दवानं आटतो कधीकधी."

प्रमुख बाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की मास्तर स्वतःच दोन इंच आटले.

दुपारी परतीची बस होती. आज नाही तर कधीच नाही. आणि बायकोने उभ्या जन्मात मागितले होते ते एवढेच. दुकानाच्या कोपऱ्यात मान खाली घालून ती काजे-बटणे करीत आलेली. मागच्या महिन्यात दोरा दाताने तोडता तोडता म्हणाली होती, "अहो, एकदा वरून बघायचंय सगळं." साडीचोळी नाही, दागिना नाही. नुसते बघायचे होते.

"ताई, राहू दे तू," मेव्हणा पुढे आला. सहल ठरवणारा तोच, म्हणून दोन दिवस सगळ्यांना हुकूम सोडत होता. "तू होडीत बस. मी उडून येतो, तुला फोटो दाखवतो."

ताईचा चेहरा शिलाई उसवावी तसा उतरला. तिने पट्टा काढायला हात घातला आणि मास्तरांना ते बघवेना. नजर वळवायची म्हणून त्यांनी मेव्हण्याकडे पाहिले. मेव्हण्याचा पट्टा गुडघ्यापर्यंत लोंबत होता. नाडी तुटल्यावर पायजमा धरतात तसा त्याने तो दोन्ही हातांनी धरला होता.

"मेव्हणेबुवा, फॉर्मवर छाती किती लिहिलीत?"

"चाळीस. का?"

मास्तरांच्या डोळ्यांनी आपोआप माप घेतले. छत्तीस. खांदे उतरते. मग त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. निवृत्त फौजदारसाहेबांच्या पोटात पट्टा रुतला होता. एक नवी नवरी श्वास रोखून लाल झाली होती आणि तिच्या नवऱ्याच्या खांद्यावरून पट्टा सारखा ओघळत होता. बावीसच्या बावीस जणांनी सौजन्य दाखवले होते. आणि तेही स्वतःलाच!

मास्तर प्रमुख बाईंजवळ गेले. "बाई, माझ्या बायकोचा आकडा खोटा आहे. मीच लिहिला. खरा सांगतो, पण कानात."

"कानात कशाला?"

"एकोणतीस वर्षांचा संसार आहे हो."

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला.

"आणि दुसरं," मास्तरांनी खिशातून टेप काढून गळ्यात टाकला. तो गळ्यात पडताच त्यांचा कणा ताठ झाला. "इथं एकाचाही आकडा खरा नाही. पट्टे सगळे बरोबर आहेत, फक्त चुकीच्या अंगावर आहेत. मला वीस मिनिटं द्या."

"पंधरा," बाई म्हणाल्या आणि शिट्टी फुंकली.

मग त्या माथ्यावर मास्तरांनी दुकान मांडले. जीपमधला वजनकाटा खाली उतरवला. कपडे घालून बघायच्या खोलीला पडदा असतो तशी एक जाड चादर दोघा पायलटांना धरायला लावली. आत माणूस, काटा आणि मास्तर. आकडा थेट प्रमुख बाईंच्या कानात.

"साहेब, पोट आत ओढू नका," ते फौजदारसाहेबांना म्हणाले. "वर गेल्यावर भीतीनं सुटलं तर पुन्हा माप कोण घेणार?"

"मला भीती? पंचवीस वर्षं दरोडेखोर पकडलेत मी."

"ते जमिनीवर."

नवरी आली. "ताई, हे माप लग्नाआधीचं दिसतंय." नवरा खोखो हसला. "तुम्ही नका हसू. तुम्ही उंची लिहिताना कुठल्या पायरीवर उभे होता?"

मेव्हणा शेवटी आला. "दाजी, व्यायामशाळेत चाळीस भरली होती, शपथ."

"आत स्वेटर किती होते?"

"हळू बोला ना!"

"मी हळूच बोलतोय. तुमचा पट्टाच ओरडतोय."

मेव्हण्याचा पट्टा ताईला आणि ताईचा मेव्हण्याला गेला. ताईचा म्हणजे जांभळा, फुलपाखरांचा. मेव्हण्याने तो मुकाट्याने घातला आणि तो असा चपखल बसला की त्याच्या बाजूने कुणी काही बोलायलाच जागा उरली नाही.

इकडे बायकोच्या छातीवर बक्कल 'टक्' करून बसली. मास्तरांना तो आवाज देवळातल्या घंटेसारखा वाटला. प्रमुख बाईंनी खऱ्या वजनाप्रमाणे पंख बदलले, प्रत्येक बक्कल स्वतः दोनदा ओढून पाहिली. अकरा वाजायला तासभर उरला होता.

"धावा काकू! थांबू नका!" पाठीशी जोडलेला पायलट ओरडला.

काकू धावल्या. सात पावले मोजली मास्तरांनी. आठवे पाऊल पडलेच नाही. जमीन मागे राहिली आणि तो लाल-पिवळा पंख तिला घेऊन तळ्यावर गेला. जन्मभर मान खाली घालून काजे करणारी ती बाई आजही मान खाली घालूनच बघत होती. फक्त आज मांडीवर बटण नव्हते. खाली अख्खे तळे होते, होड्या होत्या, रस्ते होते, आणि डोंगरावर एक टेपवाला माणूस होता. तो टिपे गाळत होता, पण एवढ्या उंचीवरून ते दिसायचे नाही.

मास्तर जीपने खाली आले, तोवर तळ्याकाठच्या कुरणात सगळे सुखरूप उतरले होते आणि मेव्हण्याने घात केला होता.

"ताई, तुला माझा पट्टा लागला बरं का! तुझ्या फॉर्मवरचं माप खोटंच होतं!"

बायको वळली. केस विस्कटलेले, गाल लाल. "अहो, वजन किती लिहिलंत माझं?"

"बासष्ट," मास्तर पुटपुटले.

"आणि खरं?"

"अगं, लोक आहेत इथं."

"म्हणून तर विचारते."

"...चौऱ्याहत्तर."

"मोठ्यानं सांगा!"

एकोणतीस वर्षांत मास्तरांच्या तोंडून खरा आकडा मोठ्याने निघाला नव्हता. त्यांनी डोळे मिटले, देवाचे नाव घेतले आणि गर्जना केली, "चौऱ्याहत्तर!"

बायकोने कमरेवर हात ठेवून कुरणभर नजर फिरवली. "ऐकलंत? बासष्टचं काय, कुणीही उडेल!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काठावरची बदके तळ्यात पळाली. आणि ते ऐकताच फौजदारसाहेब पोट सैल सोडून पुढे सरसावले. "मास्तर, माझं सांगा. एकशे चार!" त्यांना त्याहून मोठ्या टाळ्या मिळाल्या. पाठोपाठ नवरी आली. सकाळी चादरीआड लपलेली माणसे आता आपले आकडे पुकारून घ्यायला रांग लावू लागली आणि मास्तर एका दगडावर उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडत राहिले.

रांगेच्या शेवटी फुलपाखरांचा पट्टा उभा होता.

"दाजी," मेव्हणा खालच्या आवाजात म्हणाला, "माझं सत्तावन्नच भरलंय. सत्तावन्नला कोण टाळ्या वाजवणार? जरा वाढवून सांगा ना."

मास्तरांनी त्याच्याकडे, आपल्या दुकानाच्या पायरीवर आलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे मायेने पाहिले. मग छाती भरून श्वास घेतला.

"सदुसष्ट!"

आणि तळ्यापलीकडच्या डोंगराने खरेखोटे न विचारता तोच आकडा परत केला.