ओपोकूमामाचं कपाट

संरक्षणाचं सामान निवडावं तर मीच! घानामधल्या कुमासी शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेचा भांडारप्रमुख, ओपोकू! रबरी हातमोज्यांनी सेरवाचे हात लालबुंद व्हायचे. मी बिनरबरी मोज्यांचं खोकं मागवून थेट तिच्या टेबलावर ठेवलं, चार दिवसांत पुरळ गायब! पोरगी खूश होऊन मला मामा म्हणायला लागली आणि मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर.

राहिला मास्क. रसायनाचा जरा वास आला की सेरवाच्या शिंका सुरू! आमच्या साहेबीण डुफीमॅडम म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर हिला वर टायपिंगला बसवते."

सेरवाचे डोळे भरून आले. "मामा, सहा वर्षं रसायनशास्त्र शिकले ते टायपिंगसाठी?"

"अगं, मी आहे ना!"

सोमवारी भारीतला मास्क आणला. रात्रभर माझ्या कपाटात जिवापाड जपला, सकाळी तिला दिला. सात शिंका! मग त्याहून जाड. अकरा! मग डोकं-मान झाकणारा टोप दिला, तर पाच मिनिटांत पोरगी डोळे पुसत बाहेर.

"मामा, याच्या आतल्यापेक्षा बाहेर बरं हो!"

शुक्रवारी सामानाची गाडी आली, तेव्हा मॅडम दारातच उभ्या. "आत्ताच लाव बघू." सेरवानं खोकं फोडून तिथेच मास्क चढवला. शिंक नाही! आम्लाची बाटली उघडली. तरी नाही! मला तर रडूच यायचं बाकी होतं.

"दे इकडे, नीट ठेवतो," म्हणत मी कपाट उघडलं. आँक्छी! सेरवा नव्हे, मॅडम!

"ओपोकू, काय भरलंय आत?"

"डांबरगोळ्या, मॅडम. चाळीसच! मयताला जाताना पांघरायची आईची काळी वस्त्रं घरच्या पेटीत तीस वर्षं टिकलीत यांच्यावर. महागाची वस्तू तशीच जपायची ना?" माझ्या नाकाला तो वास जन्मापासूनचा, मला काय कळणार!

मॅडमनी कपाळावर हात मारला. "सेरवा, तू इथेच काम करायचंस. आणि ओपोकू, किल्ली तिला द्या!"

दुसऱ्या दिवशी शनिवार. आमच्याकडे मयताचे विधी शनिवारीच होतात, म्हणजे कुणाचं तरी मयत ठरलेलंच. त्या पेटीतलं काळं वस्त्र अंगावर घेऊन मी मंडपात बसलो. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या. तेवढ्यात सेरवा आली, मास्क लावूनच, आणि खुशाल माझ्या शेजारी बसली.

"मामा, मास्क मात्र एक नंबर निवडलात हं!"