समोरच्याची बाजू

अमळनेरचे वकील नाना माणसाला स्वतःची बाजू मांडूच देत नाहीत. लवाद म्हणून त्यांचा नियमच आहे, तू समोरच्याचं म्हणणं सांगायचं आणि त्यानं तुझं. "बसा आधी. आता त्याचं सगळं म्हणणं तुम्ही सांगा," असं म्हणून ते डोळे मिटून घेतात.

आधी ठाऊक असतं तर मी पायरीच चढलो नसतो. पण मोठा भाऊ आणि मी दोन वर्षं बोलत नव्हतो. वडिलांचं अमळनेरचं कापडदुकान त्याच्याकडे, धुळ्याचं मी काढलेलं, आणि वडिलांच्या नावाची पाटी कोणी लावायची यावरून आमची हमरीतुमरी. कोर्टात गेलो असतो तर तारखांवर तारखा, आणि भाऊ कायमचा तुटला असता. म्हणून कोर्टाबाहेर मिटवणारा वकील शोधू लागलो, तर जो तो नानांचंच नाव घेई. नानांचा निरोप गेला तसा भाऊही यायला तयार झाला.

नानांच्या बैठकीत घड्याळ नाही. घड्याळ दिसलं की लोक लवकर चिडतात म्हणे. निवाडा ते आधी पेन्सिलीनं लिहितात, कारण पेन पाहिलं की माणूस ताठतो.

आता माझा स्वभाव असा की वादात हरणं मला सोसत नाही, मग बाजू कुणाचीही असो. मी भावाची बाजू घेतली आणि सुटलोच. "वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दुकान कोणी सांभाळलं? रोज त्यांची दाढी कोणी केली? मग पाटी कोणाची?"

"मी एवढं कधी म्हटलंच नव्हतं रे," भाऊ खाली बघत म्हणाला. मग त्यानं माझी बाजू मांडली. "धुळ्यातही आपलं नाव लागलं म्हणून वडील गावभर सांगत फिरले होते. ती पाटी उतरवायची कशी?"

दोन्ही पाट्या राहिल्या. आम्ही पेनानं सह्या केल्या.

निघालो तर नाना सोडेनात. तिसरा चहा झाला. भावानं सहज विचारलं, "नाना, घरात कोणी दिसत नाही?"

"धाकटा भाऊ आहे, शिंदखेड्याला. नऊ वर्षं झाली, बोलत नाही."

"मग मिटवा की. एवढ्यांचं मिटवता तुम्ही."

"लवाद म्हणून कोणाला आणू? दोन्ही बाजूंना चालेल असा इथं मीच एकटा."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि फार वाईट वाटलं. भावानं पायांत घातलेल्या चपला काढल्या आणि परत बसला. "काय झालं होतं ते सांगा नाना. आम्ही दोघं जातो त्यांच्याकडे."

नाना बराच वेळ आठवत राहिले. एरवी शुद्ध वकिली मराठी बोलणारा हा माणूस, पण त्या वेळी घरची अहिराणी तोंडात आली.

"काय झालतं ते आते ध्यानमा नही," ते म्हणाले. "त्यानी याद येस, बस."