बारा रुपयांचा उतार

लिटरमागे बारा रुपये. गोव्याने पेट्रोलवरचा कर कमी केला, त्याचा सड्याखालच्या गावात शिवदासइतका आनंद कुणालाच झाला नव्हता. गाव महाराष्ट्रात, मोपाचा सडा, ते कातळी पठार, चढून गेलं की गोव्यातलं पेडणे आणि स्वस्ताई. स्कूटरच्या टाकीत पाच लिटर मावायचं, म्हणजे फेरीला साठ रुपये. हे साठ डब्यात पडून त्यांचा बायकोसाठी, शेवंतीसाठी, मिक्सर होणार होता. रगड्यावर खोबरं वाटून वाटून तिचा खांदा उठत नव्हता, आणि शिवदासने चतुर्थीआधी मिक्सर आणायचं चारचौघांत कबूल केलं होतं.

त्या चौघांत त्याचा मेहुणा सगुण होता. तो म्हणाला, "भावजी, जाऊन येवच्यात जा पेट्रोल जळता, ता कोणाच्या खात्यात घालतलात?"

शिवदासने दोन दिवस हिशेब केला. मग त्याला सुचलं. सड्यावरून गावापर्यंत रस्ता उताराचा. माथ्यावर इंजिन बंद केलं की परतीचा प्रवास फुकट. जुन्या स्कूटरचा दिवाही इंजिनाबरोबर जायचा, पण वाट पायाखालची होती. काम आटोपून निघायचं म्हणजे दिवेलागण व्हायची. दव बाधू नये म्हणून तो डोक्याला पांढरा पंचा गुंडाळायचा.

अडचण एकच. उताराच्या वळणावर राखणदाराचा, रात्री वहाणा घालून गावची वेस फिरणाऱ्या देवाचा, दगड होता. दोन राज्यांची हद्द अलीकडची, राखणदार त्याच्या कितीतरी आधीचा. तिन्हीसांजेला जाणारा प्रत्येक जण तिथे थांबून विडी ठेवायचा. पण थांबलं की वेग जाणार आणि पुढचा छोटा चढ इंजिनाशिवाय चढणार नाही. तेव्हा शिवदासने मनातल्या मनात हात जोडायला सुरुवात केली. त्याला पेट्रोल लागत नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी वळणावर त्याला ते ऐकू आलं. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे रान कानाशी आलं होतं, आणि पाठीमागून, करकर, करकर. जड माणूस वहाणा घालून चालावा तसं. स्कूटरने वेग घेतला तशी पावलंही भराभर पडू लागली. चढावर स्कूटर मंदावली, पावलंही मंदावली. इंजिन सुरू करायला त्याचा पाय उचलला होता, पण वाचणारे दहा रुपये आडवे आले. अंगणात तो थांबला, तेव्हा तेही थांबलं.

त्याने कुणाला सांगितलं नाही. फेऱ्या चालू ठेवल्या, आवाजही चालू राहिला.

एके दिवशी जेवताना शेवंतीने आवाज उतरवला. "अवो, राखणदार उठलो हा. दिवेलागणीक उतारावरसून येता. हातात दिवो नाय, डोक्याक पांढरा मुंडासा, आणि वहाणो करकरतत. शेजारच्या बाबलीन आपल्या डोळ्यांनी बघल्यान."

शिवदासचा घास हातातच राहिला. दिवा नाही. पांढरं मुंडासं. तो उठून अंगणात गेला आणि स्कूटर हलवून पाहिली. मागच्या कॅरियरचा सैल पत्रा करकरला. इतके दिवस तो आपल्यालाच घाबरत होता, आणि गावही. त्याने घरचंच खोबरेल पत्र्याला घातलं, हलवून पाहिलं. चकार आवाज नाही. गावाला खरं सांगायचं मात्र त्याने टाळलं; सगुण चतुर्थीपर्यंत हसला असता.

हलक्या मनाने त्याने डबा उघडला. डबा रिकामा होता.

"जुनो जोड झिजलो म्हणानच उठतलो ना तो?" शेवंती म्हणाली. "सावंतवाडीसून नवे वहाणो करून घेतलंय, सातशे रुपये पडले. आज सकाळीच ठेवन इलंय. तुमी त्याच वाटेन येतात. मिक्सर काय, मागीर घेवया."

तिच्या खांद्याला खोबरेलाचा वास येत होता. शिवदासने डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी वर जाताना त्याने दगडापाशी वहाणा पाहिल्या. दोन वीत लांब, कोऱ्या, टाचा दगडाकडे. राखणदार म्हणून गाव ज्याला घाबरलं तो तर आपणच. मग या इथे सडवायच्या कशाला? चांभार पाचशेला तरी परत घेईल. येताना उचलायच्या, असं ठरवून तो गेला.

येताना तो वळणावर थांबला. पाचशेसाठी वेग गेला तर जाऊ दे. दगडावर विड्या होत्या, केळी होती, एक पणती होती. वहाणा नव्हत्या. कुणी माणसाने उचलल्या म्हणावं, तर इतक्या मोठ्या पायाचा माणूस पंचक्रोशीत नव्हता.

तो स्कूटर ढकलत चढाला लागला. पत्रा गप्प होता. रान गप्प होतं.

मागून आलं, करकर, करकर. कोरं कातडं. पाऊल सावकाश, नवा जोड पायात बसवताना पडतं तसं.

शिवदासने किक मारली, दिवा लावला आणि हॉर्न घरापर्यंत दाबून धरला. त्यानंतर तो दर फेरीला विडी ठेवू लागला, तीही बंडलाने.

पेट्रोल शिवदासने जाळलं, वहाणांचे पैसे मिक्सरने भरले, आणि रगडा शेवंतीच्याच खांद्यावर राहिला. त्या उतारावरून फुकट उतरला तो एकटा राखणदारच, नव्या जोडात.