अकरावं काज

चि. राजू आणि चि. नीला,

तुमचं पत्र पोचलं. शाळेत ऐतिहासिक पोशाखाचा कार्यक्रम आहे, तेव्हा आजीच्या ट्रंकेतला तो किरमिजी अंगरखा पोस्टानं टोरांटोला पाठव, असं तुम्ही लिहिलंय. खाली राजूनं जोडलंय, ‘फोटोत त्याचं शेवटचं काज कापायचं राहिलेलं दिसतं. ते मी इकडे ब्लेडनं कापतो.’

राजू, आधी ते ब्लेड खाली ठेव.

ते काज राहिलेलं नाही, ठेवलेलं आहे. ते कोणी ठेवलं हे सांगायला आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि माझंही बहात्तरावं चालू आहे. म्हणून आज क्रमानं सगळं लिहून काढते. इंग्रजी शाळेत इतकी वर्षं शिकवल्यामुळे मला मधूनच गोष्ट सुरू केलेली चालत नाही.

तर जुन्नरला आमच्या आळीच्या तोंडाशी रखमाजी शिंप्याचं दुकान होतं. मी तेव्हा दहा वर्षांची, आणि हे विसावं शतक माझ्याहून थोडंच मोठं. रखमाजी रस्त्यानं जाणाऱ्या कोणाही माणसाला कोटाला धरून थांबवत असे. ओळखीपाळखीची गरज नसे. आठवड्याच्या बाजाराला आणे गावाकडून आलेला शेतकरी असो की कचेरीतला कारकून, रखमाजी ओट्यावरून उडी मारून त्याच्या कोटाच्या दोन्ही कडा मुठीत धरी आणि म्हणे, “पावणं, सोडा.”

“काय सोडू?”

“श्वास सोडा.”

परगावचा माणूस घाबरून खिसा सांभाळी. जुन्नरचा असेल तर मुकाट्यानं श्वास सोडी, कारण त्याशिवाय सुटका नव्हती. मग रखमाजी त्याची काजं एकेक करून बोटानं तपासी, मान हलवी आणि निकाल देई. “कुणी केलीत ही? काजं न्हाईत, उंदरानं खाल्लंय.”

रखमाजी फक्त काजं करत असे. पूर्वी तो सगळं शिवायचा. पण बाजारपेठेतल्या मारवाडी शेटजींनी कापडाच्या दुकानात दोन शिवणयंत्रं आणून ठेवली आणि बंड्या, कोट, सदरे सगळं तिकडे गेलं. यंत्राला काजं मात्र जमत नव्हती. त्यामुळे शेटजींच्या दुकानातले कपडे शेवटी गाठोड्यानं रखमाजीकडेच येत. “यंत्र पळतंय लई,” तो म्हणे, “पर काजापाशी येऊन हुबं ऱ्हातंय. मंग रखमाजीला बोलवा!”

त्याची पद्धत अशी. आधी खडूची रेघ, तिच्याभोवती बारीक टाक्यांची चौकट. मग लाकडी ठोकळ्यावर धरून लहानशा छिन्नीनं एक चीर. मग मेण लावलेल्या दोऱ्यानं सगळ्या कडेला गाठीचे टाके, इतके दाट की मध्ये नख शिरू नये. मेण आंबेगावच्या डोंगराकडून मध काढणारे लोक आणत, आणि ते तो वास घेऊन विकत घेई. काज तयार झालं की बटण आतबाहेर करून बघे. “बटन काजात नवरीवाणी गेलं पायजे,” तो सांगे. “जाताना जरा अडावं. पर एकदा गेलं की म्हागारी वळू नये.”

त्याचा एक नियम मात्र सगळ्या गावाच्या डोक्याला ताप होता. कपडा घालणारा माणूस समोर उभा राहून श्वास सोडेपर्यंत रखमाजी काजाला चीर पाडत नसे. चुलत्याला पाठवलं, मापाचा जुना कोट पाठवला, काही उपयोग नाही. “कापड उसवतं, परत शिवतं,” तो म्हणे. “चीर पडली की पडली. मानूस दाखवा.”

निमगाव सावाचा एक नवरदेव कोटाच्या काजांसाठी उपाशीपोटी आला, तर त्याला यानं परत धाडलं. “जेवून या. लग्नात काय उपाशी बसनार हाय?” आमच्या मामलेदारांची गोष्ट तर पुष्कळ दिवस चघळली गेली. त्यांचं पोट मोठं, आणि ते कबूल करायची तयारी नाही. समोर उभे राहिले ते छाती फुगवून, पोट आत ओढून. रखमाजी म्हणाला, “सोडा, सायेब.” साहेब म्हणाले, “सोडलाय.” रखमाजीनं वाद घातला नाही. तंबाखू मळली, चुना लावला, आणि खडू हातात धरून समोर बसून राहिला. साहेबांचा चेहरा त्या अंगरख्याच्या रंगाचा झाला. शेवटी तंबाखूच्या खकाण्यानं त्यांना सणसणीत शिंक आली, सगळं पोट एकदम बाहेर आलं, आणि तेवढ्यात रखमाजीनं पाचही काजांच्या खुणा केल्या. तो कोट पुढे मामलेदारांनी पेन्शनीपर्यंत वापरला.

रखमाजीला लिहितावाचता येत नसे. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक लांब कागदी पट्टी असे, आपल्या जुन्नरच्या हातकागदाची, आणि तिला मापाच्या जागी कात्रीची खाच. छातीची एक, गळ्याची एक. अशा शंभरेक पट्ट्या दुकानात खुंट्यांना टांगलेल्या होत्या. एक पट्टी मात्र एकटीच, आतल्या खोलीच्या दारावर होती. ती यशवंताची.

यशवंता त्याचा एकुलता एक मुलगा. आई प्लेगात गेली, तेव्हापासून बापलेक दोघंच. यशवंताचा आवाज असा होता म्हणे की तो भजनात गायला लागला की टाळ वाजवणारे टाळ विसरत. सोळाव्या वर्षी त्यानं नाटक मंडळीत जातो म्हणून सांगितलं. रखमाजी म्हणाला, “शिंप्याचं पोर दुसऱ्याचं कापड शिवतं, घालून नाचत न्हाई.” दुसऱ्या दिवशी मुलगा घरात नव्हता. त्यावर रखमाजीनं भर चावडीवर सांगून टाकलं, “त्याला मी बोलवायचा न्हाई. कुणी बोलवा म्हनू नका.” सहा वर्षं झाली. त्यानं बोलावलं नाही, आणि बोलावल्याशिवाय येण्याचं धाडस मुलाला झालं नाही.

आता माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा. शाळेत मास्तर, आणि इतिहासाचे वेडे. एकदा एका नाटक मंडळीच्या मालकांचं त्यांना पत्र आलं. नवं ऐतिहासिक नाटक बसतंय, सरदाराचा पोशाख अगदी पेशवाईतल्यासारखा हवा, तुमच्याकडे जुना नमुना आहे असं ऐकतो, तिकडेच कोणाकडून शिवून मिळेल काय? वडिलांना आकाश ठेंगणं झालं. रंगभूमीवरचे सरदार चमकत्या बटणांचे कोट घालून फिरतात, याचा त्यांना फार दिवसांचा संताप होता. त्यांनी आपल्या आजोबांचा बंदांचा, म्हणजे कापडी नाड्यांनी बांधायचा, अंगरखा काढला, किरमिजी मखमल आणवली, आणि मखमल यंत्राखाली चुरगळते म्हणून सगळं काम रखमाजीला दिलं.

मालकांनी मापाची चिठ्ठी पाठवली होती. ती वाचून दाखवायला वडिलांनी मला दुकानात धाडलं.

“छाती छत्तीस इंच,” मी वाचलं. “कंबर तीस.” आणि खाली नाव होतं, तेही वाचलं. “यशवंत रखमाजी.”

रखमाजीच्या हातातली सुई थांबली. “छाती किती म्हनलीस ताई?”

“छत्तीस.”

“म्हंजी केवढी?”

त्याला इंच कळत नसत. मी घरून फूटपट्टी आणली आणि नव्या कागदाच्या पट्टीवर छत्तीस इंच मोजून खूण केली. तो उठला, आतल्या दारावरची पट्टी काढली, आणि दोन्ही पट्ट्या मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या. छातीच्या जुन्या खाचेपासून नव्या खुणेपर्यंत हाताची वीत टेकवली.

“वीतभर वाढलंय गं प्वार,” तो म्हणाला. मग मला म्हणाला, “मास्तरास्नी नाव सांगू नगंस. माप तेवढं बराबर हाय म्हन.”

मी तसंच सांगितलं. मालकांनी चिठ्ठी कोणाच्या नावानं दिली आहे, हे वडिलांनी पाहिलंच नव्हतं. त्यांचं लक्ष मखमलीवर.

आठ दिवसांनी रखमाजी अंगरखा घेऊन आमच्या ओट्यावर आला. शिवण इतकी सुरेख की वडिलांनी आधी डोळे पुसले. मग नीट पाहिलं तर समोरून खालपर्यंत खडूच्या रेघा आणि टाक्यांच्या अकरा चौकटी!

“रखमाजी, हे काय?”

“काजं.”

“पेशवाईत या अंगरख्याला काजं नव्हती हो! बंद होते. नमुना दिला होता ना तुम्हाला?”

“नसतील काजं. शिंपी तर व्हते?”

“शिंपी होते. ते बंद लावायचे.”

“मंग ते आळशी व्हते.”

वडिलांनी कपाळावर हात मारला. तीन दिवस हा वाद चालला. वडिलांनी बखरी काढल्या, जुनी चित्रं दाखवली. रखमाजी चित्र उलटंसुलटं करून म्हणे, “चित्रवाल्याला काज काढता आलं नसंल.” वडील म्हणाले, “अहो, इतक्या वर्षांनी एक सरदार तरी खरा दिसेल, त्याला तुम्ही बटणं लावता!” रखमाजी म्हणाला, “बंद कुनीबी बांधंल, मास्तर. काजाला मानूस लागतो.” शेवटी त्यानं सरळ सांगितलं, “काजं नसतील तर अंगरखा देनार न्हाई. पैसं नगंत. मखमल भरून देतो.”

तो गेल्यावर वडील येरझारा घालत राहिले. “डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं. बंद लावून उद्या पार्सल गेलं असतं!”

ते नाव मी अकरा दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं. आई भाकरी थापत होती. तिला मी हळूच सांगून टाकलं.

आईचा हात पिठात तसाच राहिला. मग ती ओट्यावर आली आणि म्हणाली, “अहो, बंदांचा अंगरखा पोस्टानं जातो.”

“तेच तर म्हणतोय मी!”

“आणि काजांचा जात नाही. घालणाऱ्याला समोर उभं राहावं लागतं.” तिनं चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. “नाव वाचा.”

वडिलांनी नाव वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग किती वेळ ते त्या जुन्या अंगरख्याचे बंद सारखे करत बसले होते. त्या संध्याकाळी त्यांनी मालकांना पत्र लिहिलं. ते मी शाई टिपताना वाचलं आहे. ‘अधिक शोध करिता असे आढळले की, सदर अंगरख्यास काजेच योग्य. काजे अंगावर बेतल्यावाचून पाडता येत नाहीत. तरी सदर नटास येथे धाडावे.’ सही करून ते आईला म्हणाले, “हा माझ्या हातचा पहिला खोटा इतिहास.” आई म्हणाली, “आमटी गार होतेय.”

यशवंता नारायणगावहून टांग्यानं आला. उंच, देखणा, केस मानेवर रुळणारे. सगळी आळी काही ना काही निमित्तानं बाहेर. मी तर दुकानाच्या पायरीवरच. रखमाजी सुईत दोरा ओवत होता. त्यानं मान वर केली नाही.

“कुनाचं माप?”

“माझं, आबा.”

“घाल.”

यशवंतानं अंगरखा चढवला आणि समोर उभा राहिला. रखमाजीनं दोन्ही कडा मुठीत धरल्या. “सोड.”

“सोडलाय.”

“न्हाई सोडला. सा वर्सं धरून बसलायस.”

 मग ती छत्तीस इंचांची छाती हळूहळू खाली आली, आणि खांदेही. रखमाजीच्या हातात खडू होता, पण त्यानं खूण केली नाही. कडा तेवढ्या धरून ठेवल्या. बऱ्याच वेळानं म्हणाला, “दमला असशील. एक काज आज करू. बाकीची उद्या.”

दिवसाला वीस काजं करणारा माणूस तो. दुसऱ्या दिवशी त्यानं एकच काज केलं. तिसऱ्या दिवशी एकच. “मखमल हाय,” तो ज्याला त्याला सांगे, “घाई करून भागत न्हाई.” संध्याकाळी दुकानातून गाणं ऐकू येई. मालकांची तार आली, नट कुठे आहे? वडिलांनी तार केली, ‘काज चालू.’ दहा दिवसांत दहा काजं झाली. अकराव्या दिवशी सकाळी रखमाजीनं स्वतःच अंगरख्याची घडी केली. “जा. मंडळी खोळंबलीय.”

“आणि अकरावं, आबा?”

“ते आल्यावर.”

नाटक पाहायला वडील पुण्याला गेले. सरदार आला तसा शेजारचे गृहस्थ कुजबुजले, “पेशवाईत बटणं? कोणा गाढवानं सल्ला दिला यांना?” वडील म्हणाले, “जुन्नरचा कोणी मास्तर आहे म्हणे.”

त्यानंतर यशवंता दर दिवाळीला अंगरखा घेऊन यायचा. दर दिवाळीला रखमाजी त्याला उभा करी, श्वास सोडायला लावी, अकराव्या चौकटीवर खडू फिरवी आणि म्हणे, “यंदा ऱ्हाऊ दे. फुडल्या खेपंला बगू.” अशी नऊ वर्षं गेली. रखमाजी गेल्यावर यशवंतानं अंगरखा आणि मापाच्या त्या दोन्ही पट्ट्या आमच्याकडे आणून दिल्या. “मास्तर, हा आता माझ्यानं घालवत नाही,” एवढंच म्हणाला.

तर मुलांनो, पार्सल मी केलेलं नाही. तुमच्या कार्यक्रमासाठी तिकडे काहीतरी बंदांचं शिवून घ्या, इतिहासालाही तेच धरून होईल. अंगरखा इथेच आहे, ट्रंकेत वरच्या कप्प्यात, कडुलिंबाच्या पाल्यात. सोबत कागदाच्या दोन पट्ट्या आहेत. मखमल कोपरांवर विरली आहे. दहा काजांचा एकही टाका सुटलेला नाही. अकरावं बंद आहे.

तुमची,
आजी